जुन्या गिरीशला नारळ

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

मी तानाबाई. मला लिहिता-वाचता येत नाही. ही वही मी सांगते आणि माझा मुलगा बाळासो लिहितो. माझं वय विचारू नका, ते दरवर्षी बदलतं.

बाळासो ऑगस्टअखेर निवृत्त झाला. गूळ संघाच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं होता. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्याला घरी पाठवला. घड्याळ कशाला दिलं कोण जाणे. ज्याला कुठं जायचं नाही त्याला वेळ कळून काय करायचंय? दोन महिने तो त्या घड्याळाखालीच बसलाय. दूधवाला आला की सांगतो, आज चार मिनिटं उशीर. कुकरच्या शिट्ट्या मोजतो. त्याची बायको क्रांती सकाळी अंगणवाडीत कामाला जाऊन सुटते, ताप मला. शेवटी म्हटलं, "बाळ्या, दिवाळीच्या सामानात एक कोरी वही उरलीया. मी सांगतो, तू लिही."

पहिल्याच पानावर भांडण झालं. मी "आलो, गेलो, हाय, न्हाई" बोलते आणि हा "आले, गेले, आहे, नाही" लिहितो. वाचून दाखवलं तर पुण्याची कुणी बाई घरात शिरल्यासारखं वाटलं. मग तह झाला. माझं सांगणं त्यानं इस्त्री करून लिहावं, पण माणसं तोंडानं जे बोलली ते चुरगळलेलंच ठेवावं.

(आईचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. रेशन कार्डावर चौऱ्याऐंशी आहे. – बा.)

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज नातीविषयी. पूर्णिमा ही बाळासोची मुलगी. पुण्याची नोकरी सोडून आली आणि कळंब्यात आमच्याच घरी वरच्या खोलीत कॉम्प्युटरचं स्वतःचं काम मांडलंय. पहिलं काम मिळालं तेही बापाच्याच संघाचं.

काम असं आहे. संघाकडं जिल्ह्यातल्या एकशे बारा गुऱ्हाळांची नोंद आहे, आणि कुणाचा ऊस कुठल्या दिवशी कुठल्या गुऱ्हाळावर जायचा त्या पाळ्या. पूर्वी हे मोठ्या चोपड्यांत असायचं, आता यंत्रात असतं. यंत्रात ते सांभाळायला एक प्रोग्राम असतो म्हणे, त्याचं नाव पूर्णिमानं सांगितलं. मला "पोष्टातला गिरीश" असं ऐकू आलं.

"आजी, पोस्टग्रेस!"

"त्येच म्हणतोय की मी. गिरीश."

हा गिरीश कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं मिळून त्याला घडवतात, कुणीही घेऊन जावा, आत काय आहे ते उघडून बघावं. दरवर्षी नवा निघतो. पाच वर्षांचा झाला की मात्र त्याच्याकडं कुणी बघत नाही. दुखलं-खुपलं तर औषध बंद. संघात आहे तो तेरा नंबरचा गिरीश, आणि येत्या तेरा नोव्हेंबरला त्याचं औषध बंद होतंय. त्याआधी सगळ्या नोंदी सतरा नंबरच्या गिरीशकडं न्यायच्या.

"पाच वर्सांत म्हातारा? बरं झालं बाई, मला जगानं मिळून घडवलं न्हाई. आणि जुन्याचं काय करणार?"

"बंद करायचा."

"शाल न्हाई, नारळ न्हाई?"

पूर्णिमा हसली. बाळासो हसला नाही. पेनातली शाई संपली म्हणाला आणि उठून गेला.

(शाई संपली नव्हती. तेरा नंबर संघात मी बसवला. डिसेंबर २०२०, स्वतः शिकून. – बा.)

२ नोव्हेंबर, रविवार

शेजारची झुंबरबाई सकाळी साखर मागायला आली. तिच्या घरी साखर असते हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. बसली. चहा घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, खरं सांगा. पूर्णिमाचं मोडलं?"

"काय मोडलं?"

"त्या गिरीशबरोबर. काल गच्चीवर तुमीच म्हणत हुता की, जुन्या गिरीशला तेरा तारखेला सोडायचं आणि सगळं नव्याकडं न्यायचं. सामान न्यायपत्तोर गेलतं व्हय परकरण?"

खरं सांगायला हवं होतं. पण रविवार होता आणि टीव्हीवर काही नव्हतं.

"काय करायचं झुंबरे. पाच वर्सं चांगला ऱ्हायला. आता त्याच्यात राम न्हाई."

"आणि ह्यो नवा?"

"ह्यो सतरावा हाय."

झुंबरबाईनं कप खाली ठेवला. साखर न घेताच गेली.

(आईने हे करायला नको होतं. दुपारी दूधवाल्याने मला विचारलं. – बा.)

५ नोव्हेंबर, बुधवार

आज घरात जरा खट्टू झालंय. कुणी मोठ्यानं बोललं नाही, म्हणजे जास्तच खट्टू.

सकाळी बाळासो जिन्याखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "पूर्णिमा, येऊ का वर? जुन्या नोंदी..."

"नको पप्पा. तुम्ही आराम करा आता. खूप केलंत."

गोडच बोलली पोर. पण बाळासो उरलेल्या पायऱ्या मोजल्यासारखं करून परत आला.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन खाली माझ्याजवळ बसली. वर ऊन लागतं म्हणे. काम करता करता स्वतःशीच बोलायची तिला सवय आहे. ती सवय बापाकडनं आलीय. "आजी, जुन्या गिरीशच्या पोटात हा बघ कोडचा एक तुकडा निघाला. कुणी लिहिला, कशाला लिहिला, एका ओळीची टीप नाही. भाषा पण इतकी जुनी की नव्याला ती कळतच नाही. नुसतं ठिगळ आहे. काढून टाकते."

"टाक की. घरात अडगळ कशाला."

बाळासो पलीकडं वाटाण्याच्या शेंगा सोलत बसला होता. एक शेंग त्यानं तीनदा सोलली. तोंड उघडलं, मिटलं. वाटलं जांभई असेल.

(आराम करतो आहे. – बा.)

८ नोव्हेंबर, शनिवार

आज संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब शिरोळहून आले. चांगला माणूस, पण बोलतो असा की नदीच्या पलीकडच्याला हाक मारतोय. त्यांचं स्वतःचंही गुऱ्हाळ आहे, आजोबांपासूनचं. पूर्णिमानं नव्या गिरीशची चाचणी दाखवायला त्यांना बोलावलं होतं.

तिनं "गुऱ्हाळ" लिहून शोधायला लावलं. नव्या गिरीशनं सटकन उत्तर दिलं. पासष्ट.

"पासष्ट?" तात्यासाहेब म्हणाले. "पोरी, एकशे बारा हायत. आणि माझं कुटं गेलं? सकाळी तर जाग्यावर हुतं. मी तिथनंच आलोय की!"

पूर्णिमानं परत शोधलं. पासष्ट. पोरीचे कान लाल झाले.

"हे बघ," ते जरा आवाज खाली आणून म्हणाले, म्हणजे गल्लीतच ऐकू जाईल इतका. "येत्या गुरुवारी पाळ्यांचे मेसेज शेतकऱ्यांस्नी जाणार. सत्तेचाळीस गुऱ्हाळांवरच्या माणसास्नी पाळी मिळाली न्हाई तर ऊस काय करायचा? उभ्या उसाला जरा थांब म्हणून सांगता येत न्हाई. तुला गुरुवारपत्तोर जमलं तर तुझं. न्हाईतर संचालक मंडळ म्हणतंयच, पुण्याच्या कंपनीला द्या. मग माझा बी इलाज न्हाई, आणि तुला फुडं आमच्याकडचं काम मिळंल असं मी सांगत न्हाई."

ते गेल्यावर पूर्णिमा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, नोंदी सगळ्या आहेत. मोजल्या तर एकशे बारा भरतात. पण "गुऱ्हाळ" म्हणून शोधलं की पासष्टच पुढं येतात आणि सत्तेचाळीस जाग्यावर बसून ओ देत नाहीत. तिनं पडदा माझ्यासमोर धरला.

"हे बघ. हे सापडणारं गुऱ्हाळ, हे न सापडणारं. अक्षर न् अक्षर तेच आहे."

"मला तर दोन्ही सारखीच दिसत्यात."

"मलापण सारखीच दिसतायत, आजी!"

"मग इतकी वर्सं शाळंत जाऊन तुझ्यात आणि माझ्यात फरक काय पडला?"

एरवी उशी फेकून मारली असती. आज पडदा आपल्याकडं वळवून परत शोधायला लागली. हे सांगताना आत्ता बाळासोनं पेन खाली ठेवलं आणि चहा करायला उठला. चहा आणला, त्यात साखर दोनदा घातलेली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज विशेष काही नाही. पूर्णिमा जेवायला खाली आली नाही. क्रांतीनं तीन हाका मारल्या. मी आता दुपारची जरा पडते.

(आई पडली आहे. तिला वाचता येत नाही म्हणून इथे लिहितो. दुसरीकडे लिहावं अशी जागा नाही.

सत्तेचाळीस गुऱ्हाळं कुठे आहेत ते मला माहीत आहे. २०२० साली चोपड्यांवरून यंत्रात नोंदी दोघांनी केल्या, मी आणि ऑफिसातला आमचा आकाराम. मी एका कीबोर्डवर, तो दुसऱ्या. 'गुऱ्हाळ' या शब्दातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात 'ऱ' हे वेगळं अक्षरच असतं. दुसऱ्यात साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडतात आणि पुढे एक न दिसणारी खूण टाकतात. पडद्यावर, कागदावर दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पासष्ट माझी, सत्तेचाळीस आकारामची.

हे समजायला मला एक अख्खा हंगाम लागला होता. मग मी एक तुकडा लिहून आत बसवला : शोधताना दोन्ही ऱ्ह एकच धर. त्याला टीप लिहिली नाही. मूळ नोंदी दुरुस्त करायच्या सोडून ठिगळ लावलं याची लाज वाटली. पाच वर्षं ते ठिगळ चाललं. बुधवारी पूर्णिमाने ते काढून टाकलं तेव्हा मी शेंगा सोलत होतो. सांगणार होतो. पण मला आराम करायला सांगितलेलं होतं.

म्हटलं, विचारेल. अजून विचारलेलं नाही. विचारलं तर एका मिनिटाचं काम आहे. हे बरोबर नाही हे कळतं. उद्यापर्यंत वाट बघतो. – बा.)

१० नोव्हेंबर, सोमवार

काल मी चार-पाच वाक्यं सांगितली होती. आज वही उघडली तर पान भरून दुसऱ्या पानावर गेलेलं. मला अक्षर कळत नाही, पण पान भरलंय की मोकळं हे कळतं. हा गेले पंधरा दिवस खाली बारीक कायतरी खरडतो, तेही बघतेय. पूर्णविरामाला एवढा वेळ लागत नाही.

"बाळ्या, काल माझं बोलणं फुगलं कसं?"

"अक्षर मोठं काढलं, आई."

मोठं कुठलं? मुंग्यांची रांग चालल्यासारखं आहे. हेही लिही म्हटलं. लिहितोय, मान खाली घालून. तिसरीत असताना शाळेची दांडी मारून रंकाळ्यावर गेला होता तेव्हाही अशीच मान होती.

वही आज माझ्या उशाखाली राहील.

(अक्षर खरोखरच थोडं मोठं काढलं होतं. – बा.)

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहिणारी पूर्णिमा. बाळासो गच्चीवर झाडांना पाणी घालतोय, सकाळपासून दुसऱ्यांदा. झाडांना उठून जाता येत नाही म्हणून सहन करतायत.

सकाळी मी तिला वही दिली आणि म्हटलं, मला पहिल्यापासून वाचून दाखव. "आजी, परवावर आलंय सगळं. मला वेळ नाही." मी म्हटलं, बसून तरी काय करतीयस, सारखी दिसणारी अक्षरं बघत. मग वाचायला लागली. सतराव्या गिरीशला इतकी हसली की क्रांती स्वयंपाकघरातनं बघायला आली. बापाच्या बारीक खरडीही वाचत होती, माझ्या वयाचीसुद्धा. त्याचा हिशेब मी वेगळा करणार आहे. मग नऊ तारीख आली आणि ती मनातल्या मनात वाचायला लागली.

"मोठ्यानं वाच की."

वाचलं. पाय मोडणं, न दिसणाऱ्या खुणा, त्यातलं मला निम्मं कळलं नाही. एवढं कळलं की माझा लेक शेंगा सोलत कुणीतरी विचारेल म्हणून बसला होता.

पूर्णिमा वही हातात घेऊन तशीच गच्चीवर गेली. मीही गेले मागनं. गुडघे दुखतात, पण असल्या वेळी दुखत नाहीत.

"पप्पा, एक विचारायचंय."

त्याच्या हातातला पाइप कुंडीवरनं त्याच्याच चपलेवर आला.

"इचार की."

"मला ऱ्ह सापडत नाहीये."

"कुठला?" तो म्हणाला. "दोन हायत."

मग मात्र पोर भडकली. "तुम्हाला माहीत होतं! तात्यासाहेब मला खाली बसवून बोलत होते आणि तुम्हाला माहीत होतं! सत्तेचाळीस गावांचा ऊस, पप्पा!"

"व्हय."

"का नाही सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"हे काय उत्तर झालं?"

"न्हाई," तो म्हणाला. "चुकलं माझं. तोंडातनं फुटंना. तू आराम करा म्हणालीस, आणि मला वाटलं, संपलं आपलं. आता आपल्याला काय म्हाईत हाय ते कुणाला लागत न्हाई."

ती रडली. तो पाइप बंद करायला विसरला. खाली झुंबरबाईची वाळत घातलेली चादर भिजली. तिनं वर बघितलं, रडणारी पूर्णिमा बघितली, मान हलवली आणि आत गेली. आता गल्लीत काय पोचेल ते मला ठाऊक आहे.

(मी रडले नाही. डोळ्यांत पाणी उडालं. – पू.)

रडली. हेही लिही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिणारा परत बाळासो. काल दिवसभर दोघं वरच्या खोलीत होते. कालचं पान कोरं राहिलं, मला कुणी विचारलंच नाही. पूर्णिमा म्हणत होती तो तुकडा नव्या भाषेत परत लिहू. बाळासो म्हणाला, "ठिगळ नको. पाच वर्सं टाळलं मी ते. मुळातलंच धुऊन काढू." मग एकेक गुऱ्हाळ काढून त्याचा ऱ्ह सारखा केला. यंत्राला सांगितलं की ते झटक्यात करतं म्हणे, पण बाळासोनं नंतर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस एकेक करून मोठ्यानं वाचली. प्रत्येकाला हजेरी घेतल्यासारखी हाक मारली. इथनंपुढं कुणी कसाही ऱ्ह लिहिला तरी आत जाताना तो एकाच सोंगात जाईल, असंही करून ठेवलंय, आणि त्याच्यावर टीप लिहिलीय. टीप बाळासोनं लिहिली. अकरा ओळींची.

सकाळी तात्यासाहेब आले. खुर्चीत बसले नाहीत. पूर्णिमानं शोधलं. एकशे बारा. ते पडद्यावर वाकले आणि स्वतःच्या गुऱ्हाळाच्या नावावर बोट ठेवून उभे राहिले.

"आलं की परत! कुटं गेलतं?"

"कुठंच न्हाई, तात्यासाहेब," बाळासो म्हणाला. "तिथंच हुतं. आम्हीच त्याला चुकीची हाक मारत हुतो."

"आम्ही" म्हणाला. पूर्णिमानं ऐकलं. दुपारी पाळ्यांचे मेसेज गेले.

मग जुन्या गिरीशला बंद करायची वेळ आली. पूर्णिमा खुर्चीवरनं उठली. "पप्पा, तुम्ही बसवला. तुम्हीच."

मी देवघरातला नारळ आणून ठेवला. कॉम्प्युटरच्या खोलीत फोडायला पूर्णिमा नाही म्हणाली, बाहेर उंबऱ्यावर फोडा. शाल नव्हती, म्हणून माझा टॉवेल त्या यंत्रावर घातला. बाळासो बसला. बोटं ठेवली. ओठ हलले त्याचे. काय म्हणाला ते सांगत नाही, लिहीत पण नाही. मग एक बटण दाबलं आणि झालं. एवढंच. मला वाटलं होतं निदान आवाज तरी होईल.

तेवढ्यात झुंबरबाई. नवी साडी, हातात पेढे. तेरा तारीख तिनं लक्षात ठेवली होती.

"अक्का, आज नवा येणार हुता न्हवं? कुटाय? बघू तरी पोरगा."

माझ्याच्यानं राहवलं नाही. पूर्णिमाच्या लॅपटॉपवर निळ्या हत्तीचं चित्र चिकटवलेलं आहे, ते ह्या गिरीशच्या घराण्याचं निशाण. ते दाखवलं. "ह्यो."

झुंबरबाईनं हत्तीकडं बघितलं, पूर्णिमाकडं बघितलं.

"सतरा बघून शेवटी हत्ती?"

मग सगळं सांगितलं. पेढे तिनं परत नेले नाहीत, एवढं तिचं मन मोठं. पण आठवडाभर साखर मागायला येणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाळासोला आज वेळ नाही. दोन महिने घड्याळाखाली बसलेला माणूस सकाळपासून मला म्हणतोय, "आई, पटकन सांग." पूर्णिमानं त्याला कामाला लावलंय. संघाचं जे जे त्याच्या डोक्यात आहे आणि कुठंच लिहिलेलं नाही, ते सगळं टीप म्हणून लिहून काढायचं. तेहेतीस वर्षांचं आहे. आत्ता ती दारात स्कूटर सुरू करून उभी आहे. दोघं तात्यासाहेबांच्या गुऱ्हाळावर चाललेत, तिथली माणसं नोंदी कशा करतात ते बघायला. घड्याळ थांबलंय परवापासून. सेल बदलायचं कुणाच्या लक्षात नाही. मीही आठवण करून दिली नाही.

"आई, आता वही रोज जमेल असं नाही," तो म्हणाला.

"नको जमू दे. मला तरी कुठं काय सांगायचं असतंय." मग म्हटलं, "जाता जाता तो ऱ्ह तेवढा दाखव. ज्याच्यापायी एवढं झालं."

त्यानं वहीवर मोठा करून काढला. माझा हात धरायला लागला तर झटकला मी. बघून काढते म्हटलं. काढला. खुरप्यासारखं काहीतरी झालं, आणि शेपूट निघालं भलतीकडं. पूर्णिमा स्कूटर तशीच फुरफुरत ठेवून बघायला आली. बाप-लेक दोघं वाकले.

"आजी, ही तिसरीच तऱ्हा झाली."

"गिरीशला सापडंल का ह्यो?"

"सतराव्याला पण न्हाई सापडायचा, आई."

"मग ऱ्हाऊ दे तसाच. कुणीतरी येऊन इचारंल की, ह्यो कुणी काढलाय म्हणून."

(टीप : वरचं अक्षर तानाबाईंनी काढलेलं आहे. कुणी दुरुस्त करू नये. – बा.)